मुगलीसरा आणि आपला जीर्णोद्धार

सुरतेला लग्नाकार्याला गेलो की आपल्या बायकांचा कार्यक्रम ठरलेला. गोपीपुऱ्यात देरासरांची दर्शनं, मग साड्यांची मार्केटं आणि येताना घारी. मुगलीसरा वाटेवरच लागते, पण ‘पालिकेचं ऑफिस’ म्हणून आपण मान वर करूनही पाहत नाही. मीही कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं.

ही इमारत 1644 सालची, शाहजहानच्या अमदानीतली. हकीकत खानाने ती मुसाफिरांसाठी बांधली. सुरत तेव्हा मक्केला जाणाऱ्यांचं बंदर. जहाज सुटायला वेळ असे, तोवर माणसं इथे मुक्काम करत. रचना साधी आहे, आपल्या धर्मशाळेसारखीच. मोठा दरवाजा, आत प्रशस्त चौक आणि चौकाभोवती कमानींच्या खोल्या. मुक्कामाला येणाऱ्याची गाडी, जनावर, सामान, सगळ्याचा विचार अशा बांधणीत असतो. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सुरत लुटली, आपल्या वीरजी व्होराचं घर रिकामं झालं, तेव्हा ही सराई वीस वर्षांची होती. पुढे इंग्रजी अमलात तिचा तुरुंग झाला आणि 1867 पासून तिथे नगरपालिका बसली.

माझं म्हणणं असं, की ही वास्तू टिकली ती वापरात राहिली म्हणून. रोज कुलूप उघडणारा, केर काढणारा, गळतीची तक्रार करणारा कुणीतरी तिथे होता. पण वापर म्हणजे जतन नव्हे. ऑफिसला खोल्या हव्या असतात, चौक नको असतो. मग आडभिंत येते, वायर येते, भिंतीला सिमेंटचा गिलावा येतो. आणि सिमेंट हेच खरं दुखणं. जुनी वीट चुन्यात बसवलेली असते. चुना ओल घेतो आणि सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि वीट आतून भुसभुशीत होते. बाहेरून भिंत गुळगुळीत, आतून पोखरलेली. तापीकाठच्या दमट हवेत हे आणखीच लवकर होतं.

आता पालिकेने रिंगरोडला, जुन्या सबजेलच्या जागेवर, उंच नवं मुख्यालय बांधायला घेतलंय. गंमत बघा, सराईचा तुरुंग झाला, तुरुंगाचं ऑफिस झालं आणि ऑफिस निघालं तुरुंगाच्या जागेवर! माणसं हलली की सराईचं काय होणार, हा प्रश्न मला सतावतो. रोषणाई करून तिकीट लावणं सोपं आहे. त्यापेक्षा आडभिंती काढाव्यात, चुन्याचं काम जाणणारे गवंडी आणावेत आणि चौक लोकांना बसायला मोकळा ठेवावा. मुसाफिरखान्याला तेच शोभेल.

पण पालिकेला बोल लावताना माझी जीभ अडखळते. आमच्या गावात विटांची जुनी धर्मशाळा होती. माझ्या सासूबाई विहारात आलेल्या साध्वीजींची तिथे वैयावच्च करायच्या. जाड भिंती, वैशाखातही आत गारवा. समाजाने ‘जीर्णोद्धार’ काढला, म्हणजे सगळं पाडलं आणि पांढरा संगमरवर बसवला. मी विरोध केला का? नाही हो. मी पावती फाडली. दात्यांच्या पाटीवर माझंही नाव आहे. आता दुपारी तिथे पंख्याशिवाय बसवत नाही.

नवं देऊळ बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचं पुण्य आठपट, असं आपण लहानपणापासून ऐकतो. यातला ‘जीर्ण’ शब्द आपण विसरलो. जे जीर्ण आहे तेच सावरायचं, त्याच्या जागी दुसरं आणायचं नाही. सावरलेल्या भिंतीवर पाटी लागत नाही, एवढीच अडचण आहे.

पुढच्या वेळी सुरतेला जाल तेव्हा साड्यांच्या आधी दहा मिनिटं मुगलीसरेच्या दरवाज्याशी थांबा. आणि तुमच्या गावात समाजाची सभा भरून ‘पाडून नवं करू’ असं कुणी म्हणालं, तर पावती फाडण्याआधी एक विचारा: भिंतीला नेमकं झालंय काय? मी विचारलं नव्हतं.