फायरप्लेस बाजूला ठेवून

‘क्वीन’ बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या ‘रेड स्पेशल’ गिटारीची गोष्ट सांगायला बसलेला माणूस हमखास फायरप्लेसपासून सुरुवात करतो. गोष्ट आहेच तशी. 1963 चा ऑगस्ट, लंडनच्या कडेचं फेल्टम, सोळा वर्षांचा मुलगा आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुरलेले त्याचे वडील हॅरल्ड. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर ऐपतीबाहेरची, म्हणून बापलेकांनी घरातल्याच एका खोलीत स्वतःची गिटार करायला घेतली. मानेला जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं महॉगनी वापरलं, त्यातली किड्यांनी पाडलेली भोकं आगकाड्या ठोकून बुजवली. पट्टीवरच्या ठिपक्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, ट्रेमोलोच्या दांडीच्या टोकाला तिचीच विणकामाची सुई. दोनेक वर्षं हे चाललं आणि खर्च आला आठेक पौंड.

ऐकायला गोड, पण या गोडव्यात गिटार ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या तासाला केलेली वाटायला लागते. लाकूड कुठून आलं हा योगायोग होता. त्या लाकडाकडून काय करून घ्यायचं, हे मात्र दोघांनी आधी डोक्यात पक्कं केलं होतं. या वाद्याचा रस घ्यायचा तर तिथे.

आधी घोडीकडे बघू. ट्रेमोलोची दांडी दाबली की सहाही तारा एकदम सैल होतात, सूर खाली लोळतो. सोडली की तारांनी होत्या त्या सुरावर परत यायला हवं, आणि त्या काळच्या गिटारींची रड नेमकी इथेच होती. तार घोडीवरून आणि वरच्या खाचेतून सरकते. जिथे घासली तिथे किंचित अडकते आणि सूर बिघडतो. बापलेकांनी घर्षणाच्या या जागा एकेक करून हेरल्या. घोडीवर प्रत्येक तारेखाली फिरणारं छोटं रोलर बसवलं, तेही हातानं घडवलेलं. वरच्या टोकाला तार टेकते ती एका जादा पडद्यावर. खाचेचं काम फक्त तिला बाजूला सरकू न देण्याचं. आणि अख्खा ट्रेमोलो तोलला तो सुरीच्या कडक पोलादी धारेवर, सराफाच्या काट्याची दांडी तोललेली असते तसा. तारांच्या ओढीला उलटा जोर लावायला 1928 च्या पँथर मोटारसायकलीच्या दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा आहेत. मोटारसायकलीचं नाव ऐकून आपण हसतो, पण इंजिनातली व्हॉल्व्ह स्प्रिंग बनवलेलीच असते अगणित वेळा दबून पुन्हा तशीच उसळण्यासाठी. याहून योग्य वस्तू दुकानातही मिळाली नसती.

आता अंगाकडे. बाहेरून भरीव दिसणारी ही गिटार आत पोकळ कप्प्यांची आहे. अँप्लिफायरसमोर उभं राहिलं की त्याच्या आवाजानं लाकूड थरथरावं, त्या थरथरीनं तार पुन्हा जागी व्हावी आणि सूर विझूच नये, हा हेतू. म्हणजे फीडबॅक हवा होता. पण दुसऱ्या जातीचा, कानात घुसणाऱ्या किंचाळीचा फीडबॅक नको होता. ती किंचाळी येते पिकअपच्या, म्हणजे तारेची थरथर टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या, आतलं तांब्याच्या तारेचं सैल वेटोळं हलल्यामुळे, म्हणून पिकअपच्या पोटात अॅराल्डाइट ओतून ते घट्ट केलं. एकाच वाद्यात लाकडाला थरथरायची मोकळीक आणि तांब्याच्या तारेला सक्त मनाई! मला तरी या गिटारीतली सगळ्यात देखणी जागा हीच वाटते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

हे पिकअप मात्र घरचे नाहीत. पहिले दोघांनी स्वतःच केले होते, आवाजही बरा होता. पण तार आडवी ओढून मींड घेतली की चुंबकांच्या आलटूनपालटून ठेवलेल्या ध्रुवांवरून ती सरकायची आणि विचित्र खरखर यायची. मग सरळ बर्न्स कंपनीचे तीन ट्रायसॉनिक विकत आणले. ‘सगळं घरचंच’ हा हट्ट कानानं नापास केल्याबरोबर सोडून दिला, याचं कौतुक फायरप्लेसपेक्षा जास्त व्हायला हवं.

त्या तीन पिकअपसाठी सहा स्विच आहेत. बहुतेक गिटारींना एक खटका असतो आणि कंपनीनं ठरवून दिलेल्या मोजक्या जोड्यांतून निवड करायची असते. इथे तिन्ही पिकअप एकामागे एक जोडलेले, आणि प्रत्येकाला दोन स्विच: एक चालू-बंद करायला, दुसरा त्याचा विद्युतप्रवाह उलटा करायला. एकाच तारेची थरथर दोन पिकअप दोन जागांवरून टिपतात. दोन्ही सुलट जोडले तर आवाज भरदार. एक उलटा केला की दोघांत सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं. खर्जाचा भराव जातो आणि उरतो नाकात बोलणारा, धारदार आवाज. क्वीनच्या 1975 च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’मधला सोलो या नजरेनं ऐकावा. मानेजवळचा आणि मधला पिकअप, एकमेकांच्या उलट. गायक फ्रेडी मर्क्युरीच्या गळ्यानंतर (पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला हाच तो पारशी मुलगा) गिटार पुढे येते ती गाणाऱ्याच्याच तोऱ्यात, आणि त्या तोऱ्यामागे हा एवढासा स्विच आहे.

खोड काढायचीच तर दोन निघतात. मान बरीच जाड आहे, दुसऱ्या कुणाच्या पंजाचा विचार तिच्यात नाही. आणि सहा बारके स्विच चालू गाण्यात पटापट बदलायचे, तर कुठल्या जोडीतून काय निघतं हे बोटांना तोंडपाठ हवं. ब्रायनच्या बोटांना ते आहेच. तरी त्याचा नेहमीचा आवाज घोडीजवळचा आणि मधला पिकअप सुलट लावून येतो, आणि तार छेडायला प्लॅस्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सचं नाणं असतं. प्लॅस्टिक वाकतं, नाणं वाकत नाही, त्यामुळे तारेचा ताण थेट बोटांना कळतो. नाण्याच्या कडेला दाते असतात. ते तारेला तिरके घासले की सुराच्या आधी एक बारीक खर्र उठतं, रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येणारं.