विमान समोरून येते तेव्हा

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. ते पाहून एखाद्या विद्यार्थ्याने रेडिओ-नियंत्रित विमान बांधले, तर पहिल्याच उड्डाणात त्याची मेहनत मातीत जाऊ नये म्हणून संगणकावर सराव हवा. पण आज्ञावली कोणती निवडावी?

विमान दूर जाताना स्टिक उजवीकडे लोटली की ते आपल्या उजवीकडे वळते. समोरून येताना मात्र तीच स्टिक त्याला आपल्या डावीकडे नेते. नवशिक्याचे विमान इथेच पडते. वैमानिकाच्या खुर्चीतून दिसणारे सुंदर देखावे हे शिकवत नाहीत. म्हणून जिच्यात आपण जमिनीवर एका जागी उभे असतो आणि स्वतःचा ट्रान्समीटर जोडता येतो, तीच आज्ञावली आम्ही चांगली मानतो. ‘सीआरआरसीसिम’ची चित्रे साधी आहेत, पण ती मोफत आहे आणि या कसोट्यांना उतरते. शाळेला ती पुरेशी आहे.

तरीही एक सावधगिरी हवी. खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा हवा 15 अंशांच्या मानाने सुमारे 9 टक्के विरळ असते; तेवढीच उचल मिळवायला सुमारे 5 टक्के जास्त वेग लागतो. पडद्यावरच्या वेगाच्या सवयीने विमान उतरवू पाहणारा इथे फसेल. हा हिशेब आधी फळ्यावर मांडावा, मगच मैदानावर जावे.