मंजूर, नामंजूर

सूझी ऑर्मनच्या कार्यक्रमात एक ठरलेला भाग असायचा. फोन करणारा सांगायचा, अमुक घ्यायचंय, परवडेल का? ती पगार, कर्ज, बचत विचारायची आणि निकाल द्यायची : मंजूर किंवा नामंजूर. सीएनबीसीवर हा कार्यक्रम २००२ ते २०१५ चालला. त्याचे जुने तुकडे मी अजून रात्री पाहत बसतो.

ही बाई आवडावी अशीच आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एका बेकरीत ती वेट्रेस होती. तिने स्वतःचं हॉटेल काढावं म्हणून गिऱ्हाइकांनी तिला ५० हजार डॉलर उसने दिले. ते तिने मेरिल लिंचमध्ये ठेवले, दलालाने ऑप्शन्समध्ये घातले आणि बुडाले. मग ती तिथेच दलाल म्हणून लागली आणि नोकरीत असतानाच कंपनीवर दावा ठोकला. तडजोड होऊन पैसे परत मिळाले. ही गोष्ट ती स्वतःच सांगते.

माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. तिचे पैसे कॉफी सोडून परत आले नव्हते. ज्याने बुडवले त्याला जाब विचारून आले होते. पण पुढच्या कारकिर्दीत तिचं बोट बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या पाकिटाकडेच राहिलं.

२०१९ साली ती म्हणाली की, रोज बाहेरची कॉफी पिणं म्हणजे दहा लाख डॉलर मोरीत ओतणं. हिशेब असा : महिन्याला १०० डॉलर, ४० वर्षं, १२ टक्के परतावा. मी तो शीटमध्ये टाकला. ११.७६ लाख येतात, म्हणजे सूत्र बरोबर आहे. घोळ गृहीतकात आहे. ७ टक्के धरले की उत्तर २.६ लाखांवर येतं. १२ टक्केच ठेवून वर्षाला ३ टक्के महागाई काढली, तर हाती आजचे ३.६ लाख. आणि २००७ च्या एका मुलाखतीत तिनेच सांगितलं होतं की, तिचा स्वतःचा बहुतेक पैसा नगरपालिकांच्या रोख्यांत आहे, शेअर बाजारात फार थोडा. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने जोखीम घेऊ नये, हे शहाणपणच. पण मग कॉफीवाल्याला १२ टक्क्यांचं स्वप्न का?

तरी तिचं ऋण आहेच. आठ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, हे मी तिच्याकडूनच शिकलो. नोकरकपातीच्या दिवसांत मला झोप लागली ती त्यामुळे. बायकांनी पैशाचे व्यवहार नवऱ्यावर सोडू नयेत, हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं याचंही मोल आहे.

पण माझ्या शीटमध्येही ‘नामंजूर’ असा एक रकाना आहे. त्यात एका मित्राचं लग्न आहे. विमान, हॉटेल, आहेर धरून अकरा हजार वाचले. त्यानंतर तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलत नाही, आणि हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळलेलं नाही.

ऑर्मन कार्यक्रम संपवताना दर वेळी सांगायची : आधी माणसं, मग पैसा, मग वस्तू. तिच्या सगळ्या सल्ल्यांतला हाच मला सर्वांत खरा वाटतो. पण हे वाक्य यायचं शेवटी, निकाल देऊन झाल्यावर. आकडे विचारताना ती माणसांबद्दलही विचारती, तर कार्यक्रम वेगळा झाला असता. कदाचित माझी शीटही.