फुलपाखरू उरले, कागद हरवला

केऑस सिद्धांतावरचा लोकप्रिय लेख वाचावा आणि त्यात फुलपाखरू भेटू नये, असे क्वचितच घडते. ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख फडफडवले तर टेक्ससमध्ये वावटळ उठेल काय, असा प्रश्न एडवर्ड लॉरेन्झ यांच्या १९७२ सालच्या व्याख्यानाच्या शीर्षकात होता. पुढे लेखकांनी त्यातले प्रश्नचिन्ह काढून टाकले आणि त्याचे एक सुभाषित बनवले. मात्र ज्या घटनेतून हे सारे सुरू झाले तिचा शिक्षकांना खरा उपयोगी असलेला भाग या सुभाषितामागे झाकला गेला, अशी आमची तक्रार आहे.

घटना १९६१ सालच्या हिवाळ्यातील. लॉरेन्झ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये बारा समीकरणांचे हवामानाचे एक साधे प्रतिमान संगणकावर चालवीत होते. एका फेरीचा काही भाग त्यांना पुन्हा पाहायचा होता. सगळी फेरी पहिल्यापासून चालवण्याऐवजी त्यांनी मधल्या एका क्षणाचे छापील आकडे कागदावरून यंत्राला दिले आणि तेथून पुढे गणित सुरू केले. ते कॉफी घेऊन परत आले तोवर प्रतिमानातले सुमारे दोन महिने उलटले होते आणि नवे हवामान जुन्याशी मुळीच जुळत नव्हते. यंत्राच्या स्मृतीत सहा दशांश स्थळे होती, कागदावर तीनच छापली जात. ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ गेले. फरक चार हजारांत एक एवढाच!

ही गोष्ट सांगून झाली की लेखक लगेच निष्कर्ष काढतात : सूक्ष्म चुकीचा परिणाम प्रचंड होतो. यात दोन उणिवा आहेत.

पहिली उणीव अशी, की हा निष्कर्ष सर्वत्र लागू नाही. ३० अंश तापमानाच्या खोलीत चहा निवत आहे. त्याचे तापमान ८०.४ अंश असताना आपण गणित थांबवले आणि पुढची फेरी ८० पासून सुरू केली. न्यूटनच्या नियमानुसार खोलीपेक्षा असलेले जादा तापमान निम्मे होईपर्यंत आपली ०.४ अंशाची चूकही निम्मी, म्हणजे ०.२ अंश होते. पुढे ती आणखी घटत जाते. चहा चूक पोटात घालतो, लॉरेन्झचे हवामान ती वाढवते. कोणती प्रक्रिया कोणत्या जातीची, हे तपासल्याशिवाय फुलपाखराचे नाव घेणे म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनात नसती भीती घालणे होय.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. परिस्थिती बदलत असेल तेव्हा प्रतिमान टप्प्याटप्प्याने चालवावे लागते : एका फेरीचा शेवट हा पुढच्या फेरीचा आरंभ. या सांध्यावर आकडे किती स्थळांपर्यंत द्यायचे, हा एक प्रश्न. पण कोणकोणत्या राशी द्यायच्या, हा त्याआधीचा प्रश्न. आणि तो फुलपाखराच्या गोष्टीत येतच नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ १०० वॅटच्या हीटरने वितळवायचा आहे. सगळी उष्णता बर्फालाच मिळते असे मानू. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ३३४ ज्यूल लागतात. तीन मिनिटांत १८,००० ज्यूल मिळाले आणि सुमारे ५४ ग्रॅम बर्फ वितळला. आता हीटर ५० वॅटवर आणला, म्हणजे परिस्थिती बदलली. नवी फेरी सुरू करताना आपण केवळ तापमान पुढे दिले, तर काय होईल? तापमापी आधीही शून्य दाखवीत होता आणि आताही शून्यच दाखवतो. गणित समजेल की सगळा बर्फ शिल्लक आहे, आणि वेळ सांगेल ६६८ सेकंद. खरे उत्तर ३०८ सेकंद. तापमान सहा दशांश स्थळांपर्यंत दिले असते तरी ही चूक सुधारली नसती, कारण हरवलेली राशी तापमान नव्हतीच. ती होती वितळलेल्या बर्फाचे वस्तुमान. हिशेबातून १८,००० ज्यूल नाहीसे झाले, ही खूण मात्र ऊर्जेचा ताळा घेणाऱ्याला तत्काळ सापडते. वर फेकलेल्या चेंडूचेही तसेच. केवळ उंची पुढे दिली आणि वेग राहिला, तर चेंडू चढतो आहे की पडतो आहे हेच नवी फेरी ओळखणार नाही.

म्हणून लॉरेन्झ यांच्या गोष्टीचे वाचन आम्ही निराळे करतो. त्यांनी फेरी मध्येच तोडली, कोणतीही परिस्थिती न बदलता जोडली आणि अखंड फेरीशी ताडून पाहिली. सांधा पक्का आहे की नाही, हे पाहण्याची ही उत्तम कसोटी आहे. त्यांच्या हातून ती सहज घडली. आपण ती मुद्दाम घ्यावी. तोडून जोडलेले उत्तर अखंड उत्तराशी जुळले, तरच पुढच्या टप्प्यात हीटर, वारा किंवा पाऊस बदलावा. नाहीतर दिसणारा फरक बदललेल्या परिस्थितीचा की कच्च्या सांध्याचा, हे कळणार कसे?

आपल्या पाठ्यपुस्तकांतील गणिते बहुधा 'विरामावस्थेतून निघालेल्या वस्तू'पासून सुरू होतात आणि एकाच स्थिर परिस्थितीत संपतात. त्यामुळे सांधा म्हणजे काय, हे मुलांना भेटतच नाही. वर्गात वरचे बर्फाचे गणित दोन गटांना वाटून द्यावे. पहिल्या गटाने तीन मिनिटांपर्यंतचे काम करून दुसऱ्याला फक्त एक चिठ्ठी पाठवावी. चिठ्ठीत काय लिहायचे, ते मुलांनीच ठरवावे. 'तापमान शून्य' एवढीच चिठ्ठी आली, तर दुसऱ्या गटाच्या उत्तरातून चूक आपोआप उघडी पडेल आणि वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. भौतिकीत 'अवस्था' या शब्दाचा अर्थ काय, हे त्या वादातून जितके स्पष्ट होईल तितके फुलपाखराच्या चित्रातून होणार नाही.