पंचांना बसलेली लाथ आणि एलियासचा सिद्धांत

नेट-सेटच्या तयारीत नॉर्बर्ट एलियास तुम्ही वाचला असेलच. निदान 'द सिव्हिलायझिंग प्रोसेस', १९३९, एवढं तरी पाठ असेल. त्याने एरिक डनिंगसोबत १९८६ मध्ये 'क्वेस्ट फॉर एक्साइटमेंट' काढलं. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: प्राचीन ग्रीकांचं पँक्रेशन आजच्या कुस्ती-बॉक्सिंगपेक्षा कितीतरी हिंसक होतं. पुढे, विशेषतः अठराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये, खेळांचे नियम नेमके, लेखी आणि सगळीकडे सारखे होत गेले. बाहेरचा धाक हळूहळू माणसाच्या आत उतरला आणि त्याचा आत्मसंयम झाला.

हे वाचून मुळशीत जत्रेच्या कुस्त्या बघायला गेलो, तेव्हा वहीत पहिलं वाक्य लिहिलं, 'लेखी नियम नाहीत.' वाक्य खरं होतं. पण त्यावरून 'म्हणजे संयम कमी' असा निष्कर्ष मी मनात काढून बसलो होतो, आणि तिथेच चुकलो. मल्ल माती कपाळाला लावतात, हात मिळवतात, पाठ टेकली की पकड सोडतात. चितपट झाली का, हे कडेला बसलेल्या सगळ्यांना दिसतं. डोळे वटारणारा वस्तादही तिथेच असतो.

ही परंपरा जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मल्लविनोद हा राजाच्या करमणुकीचा एक प्रकार आहे. मल्लांचे वर्ग, आहार, व्यायाम यांची त्यात तपशीलवार मांडणी आहे. म्हणजे मध्ययुगातली करमणुकीची झुंजही शिस्तीतच होती. एलियासचा पुरावा मुख्यतः युरोपातला, हे विसरू नका.

आता २ फेब्रुवारी २०२५ चं अहिल्यानगर बघा. महाराष्ट्र केसरीचं मैदान. इथे गादी आहे, गुण आहेत, पंच आहेत. एलियासला हवं ते सगळं. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला आणि हरलेल्या मल्लाने पंचांना लाथ मारली. नंतर किताबाच्या लढतीत दुसऱ्या मल्लाने पंचांशी वाद घालून शेवटच्या काही सेकंदांत मैदान सोडलं. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. गदा मिळाली ती मुळशीच्या पृथ्वीराज मोहोळला.

नीट बघा, राग कोणावर निघाला? समोरच्या मल्लावर नाही. त्याच्याशी वागण्यातला संयम टिकला. तुटला तो निकाल देणाऱ्याशी. नियम जितका बारीक, तितका निकाल प्रेक्षकांच्या नजरेतून निघून पंचांच्या हातात जातो. मग रागही तिकडेच वळतो. एलियास हिंसा किती कमी झाली हे मोजतो. संयम कोणाशी, हा प्रश्न त्याच्या मांडणीत मागे पडतो. माझी टीका एवढीच आहे.

दोन इशारे मात्र लक्षात ठेवा. एका घटनेने सिद्धांत खोटा ठरत नाही. एलियासनेही ही प्रक्रिया सरळ रेषेत पुढे जाते असं म्हटलेलं नाही. ती उलटीही फिरते हे तो मानतो. व्हायवात हे विसरलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल. दुसरं, 'पूर्वी मातीत सगळं सभ्य होतं' असं लिहू नका. जत्रेतही जोड लावण्यावरून आणि इनामावरून भांडणं होतातच. आठवणीतला काळ म्हणजे डेटा नव्हे.

मग फिल्डवर करायचं काय? पुढच्या वेळी आखाड्याशी बसाल तेव्हा फक्त डाव टिपू नका. निकाल लागल्यावरचं पहिलं मिनिट टिपा. हरलेला कोणाकडे बघतो, वस्ताद काय बोलतो, पंच कुठे उभे राहतात. मी हे उशिरा सुरू केलं, आणि त्याआधीच्या सगळ्या नोंदींमध्ये नेमकं तेच मिनिट गायब आहे.