'द फीव्हर' : कारण सापडल्याचा दिलासा

२०११ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातील ल रॉय या लहानशा गावच्या शाळेतील मुलींना एकामागून एक आचके येऊ लागले. मान झटकली जाई, हात उडत, तोंडून अनावर आवाज निघत. काही महिन्यांत पीडितांची संख्या वीसच्या घरात गेली. त्यांत बहुतेक मुलीच होत्या. या घटनेवरून मेगन अ‍ॅबट यांना 'द फीव्हर' (२०१४) ही कादंबरी सुचली. तिचे गुण मान्य करूनही तिच्या शेवटाविषयी आमची तक्रार आहे.

कथा उलगडते ती तिघांच्या नजरेतून : शाळकरी डीनी, तिचा भाऊ ईलाय आणि त्याच शाळेत शिकवणारे वडील टॉम. डीनीची मैत्रीण लीस वर्गात कोसळते आणि गावाचा संशय भिरभिरू लागतो; कधी मुलींना दिलेल्या लसीवर, कधी शेवाळाने भरलेल्या निषिद्ध तळ्यावर. लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी आहे, हा तपशील सहज आलेला नाही. विषाचे नाव घेणाऱ्या पालकांना खरी धास्ती आहे ती मुली वयात येण्याची. टॉमच्या अवघडलेपणातून ती वाचकाला जाणवते. हे कादंबरीचे निर्विवाद यश होय.

अखेरीस मात्र लीसच्या आजारामागे धोत्र्याच्या जातीची विषारी वनस्पती निघते. इतर मुलींच्या व्यथेचे मूळ मनात असले, तरी पहिल्या झटक्याला हाती धरता येईल असे कारण मिळते आणि कादंबरी रहस्यकथेच्या वाटेने सुटते.

ल रॉयमध्ये अशी सुटका नव्हती. विष तेथेही शोधले गेले. १९७० साली गावाजवळ मालगाडी घसरून सायनाइड व ट्रायक्लोरोएथिलीन सांडले होते. एरिन ब्रोकोविच यांच्या सहकाऱ्यांनी त्या दिशेने चौकशी आरंभली. राज्याच्या आरोग्य खात्याला पर्यावरणीय कारण आढळले नाही. बफेलोच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी निदान केले ते सामूहिक मनोजन्य विकाराचे : मनावरचा ताण नकळत शरीरात उतरतो आणि एकीचे पाहून दुसरीलाही तीच लक्षणे जडतात. आपल्या मुलींना खोटे ठरवले जात आहे, असे काही पालकांना वाटले. वस्तुतः यात सोंग नसते. आचका इच्छेने येत नाही, इच्छेने थांबतही नाही. पुढे बहुतेक मुली बऱ्या झाल्या.

आपल्याकडेही एखादीच्या अंगात आले की कोणी हात जोडतात, कोणी नाटक म्हणून हसतात. तिला काय सोसावे लागते आहे, हे विचारणारे थोडे. ल रॉयच्या मुलींची व्यथा विषावाचूनही खरी होती, हे सांगण्याची संधी अ‍ॅबट यांच्या हाती आली होती. धोत्र्याचा आधार घेऊन त्यांनी ती गमावली, असे आम्हांला वाटते. तरीही तोवरच्या पानांसाठी ही कादंबरी अवश्य वाचावी.