हवाई दलातील देखभाल मनुष्यबळाचे नियोजन : रॅण्डच्या २००२ च्या अहवालाची चिकित्सा

प्रस्तावना

हवाई दलाचे सामर्थ्य विमानांच्या संख्येवरून व वैमानिकांच्या कौशल्यावरून मोजण्याची प्रथा आहे. तथापि प्रत्येक उड्डाणामागे इंजिन, शस्त्रप्रणाली व विद्युत् यंत्रणा यांची देखभाल करणारे तंत्रज्ञ उभे असतात. त्यांची संख्या किती असावी, हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटला तरी वस्तुतः तो युद्धसज्जतेचा प्रश्न आहे. १९९० च्या दशकात अमेरिकी हवाई दलातील कामगिरीस सज्ज असलेल्या विमानांचे प्रमाण घसरत गेले. या पार्श्वभूमीवर कार्ल डाहलमन, रॉबर्ट कर्चनर व डेव्हिड थेलर यांचा देखभाल मनुष्यबळाच्या गरजनिश्चितीविषयीचा अहवाल रॅण्ड या संशोधन संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केला. प्रस्तुत लेखात त्या अहवालाच्या विचारपद्धतीची चिकित्सा केली आहे.

गणनेची प्रचलित पद्धती

अमेरिकी हवाई दलात देखभाल मनुष्यबळाची गरज ठरविण्यासाठी ‘लॉजिस्टिक्स कंपोझिट मॉडेल’ अर्थात ‘एलकॉम’ हे संगणकीय प्रतिमान वापरले जाते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॅण्ड व हवाई दल यांच्या सहकार्यातून ते विकसित झाले. उड्डाणांचे वेळापत्रक, सुट्या भागांच्या बिघाडाचे प्रमाण, दुरुस्तीस लागणारा वेळ आणि त्यासाठी आवश्यक असलेले तंत्रज्ञ ही माहिती प्रतिमानास पुरविली जाते. बिघाड ठरलेल्या वेळी होत नाहीत. कधी एकही होत नाही, तर कधी तीन विमाने एकाच वेळी नादुरुस्त होतात. केवळ सरासरीवर आधारलेला हिशेब अशा वेळी फसतो. म्हणून मॉन्टे कार्लो पद्धतीने यादृच्छिक घटना निर्माण करून तळावरील दिवसांमागून दिवस संगणकात घडविले जातात. अपेक्षित उड्डाणे पूर्ण होण्यासाठी किमान किती तंत्रज्ञ लागतात, हे त्यातून निश्चित होते. सरासरीच्या तुलनेत ही पद्धती निःसंशय प्रगत आहे.

अहवालाचे योगदान

अहवालकर्त्यांचा मुख्य आक्षेप प्रतिमानाच्या गणितावर नसून त्यात काय मोजले जात नाही, यावर आहे. देखभाल पथकास दोन कार्ये करावी लागतात : आजची उड्डाणे घडवून आणणे आणि उद्याचे तंत्रज्ञ तयार करणे. यांपैकी पहिलेच कार्य गणनेत पुरेशा प्रमाणात उतरते. अमेरिकी हवाई दलात शिकाऊ तंत्रज्ञ तिसऱ्या, कुशल तंत्रज्ञ पाचव्या, तर पर्यवेक्षण करू शकणारा तज्ज्ञ सातव्या कौशल्यस्तरावर असतो. प्रशिक्षणशाळेतून आलेला शिकाऊ तंत्रज्ञ खऱ्या अर्थाने तयार होतो तो विमानाजवळच, ज्येष्ठ सहकाऱ्याच्या हाताखाली.

उदाहरणादाखल, दहा जणांच्या पथकात सहा अनुभवी व चार शिकाऊ आहेत असे मानू. शिकाऊ व्यक्ती निम्मे काम करते आणि शिकविणाऱ्याचा एकचतुर्थांश वेळ घेते असे गृहीत धरल्यास चौघांचे काम दोन माणसांइतके होते. त्यांना शिकविण्यात एका माणसाचा वेळ जातो. परिणामी कागदावरील दहा माणसे प्रत्यक्षात सातच ठरतात. पटसंख्या पूर्ण असूनही विमाने उभी का राहतात, याचा उलगडा या साध्या हिशेबातून होतो. त्यातच मंजूर पद नसलेल्या कामांसाठी पथकातीलच माणसे वळविली जातात.

मर्यादा

असे असले तरी अहवालाची चौकट गरजनिश्चितीचीच आहे. प्रशिक्षणाचे तास गणनेत मिळविले की मंजूर पदे वाढतील, हे खरे. परंतु पद मंजूर होणे आणि अनुभव उपलब्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत. पद निर्णयाने निर्माण करता येते, सातव्या स्तरावरील तज्ज्ञ मात्र वर्षानुवर्षांच्या सेवेतूनच घडतो. अनुभवी माणसे सेवा सोडतात, तेव्हा मागे राहिलेल्यांवर दुरुस्तीचा व अध्यापनाचा दुहेरी भार पडतो आणि त्या भारामुळे आणखी काही जण सेवा सोडण्याची शक्यता वाढते. या चक्राचे उत्तर वाढीव मंजुरीत सापडत नाही.

नंतरच्या अनुभवाने हे अधोरेखित केले. अमेरिकी काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या २०१९ च्या अहवालानुसार मंजूर व भरलेल्या देखभाल पदांमधील तूट २०१५ या वित्तीय वर्षातील ४,०१६ वरून २०१७ मध्ये ७४५ पर्यंत खाली आली. मात्र त्याच २०१७ मध्ये पाचव्या स्तरावर २,००० हून अधिक व सातव्या स्तरावर ४०० हून अधिक तंत्रज्ञांची उणीव होती. एकूण आकडा सुधारला, अनुभवाची पोकळी कायम राहिली. त्यामुळेच अनुभवी तंत्रज्ञांना सेवेत टिकवून ठेवण्यासाठी वार्षिक उद्दिष्टे व स्वतंत्र धोरण आखण्याची शिफारस त्या संस्थेने केली.

समारोप

अध्यापन हेही कामच आहे व त्यास वेळ लागतो, हे गणनेच्या भाषेत मांडणे हे रॅण्डच्या अहवालाचे श्रेय होय. ज्याची नोंद होत नाही त्याचा भार मात्र कोणीतरी वाहत असतो, हे त्याने दाखवून दिले. गरजनिश्चिती व अनुभवी मनुष्यबळाचे जतन यांचा एकत्रित विचार ही त्यापुढील पायरी ठरते. तो विचार झाला नाही, तर तक्त्यातील सर्व जागा भरलेल्या असतील आणि विमान दुरुस्त झाल्याची खात्री देऊन स्वाक्षरी करू शकणारा हात मात्र उपलब्ध नसेल.